आमच्या आळीतला सेन्सेई

सकाळी सहाला शेजारून ‘हाय!’ असा खणखणीत आवाज आला की पाहुणा दचकतो. आमच्या आळीला सवय आहे. पहिल्या आठवड्यात शेजारच्या पोराच्या वडिलांनी विचारलंही होतं, “काय रे, कुठं दुखतंय?” दुखत काहीच नव्हतं. जपानीत होकाराला ‘हाय’ म्हणतात, आणि चहा टाकू का, या आईच्या प्रश्नाला ते उत्तर होतं.

त्याचं खरं नाव आता फक्त रेशन कार्डावर उरलंय. कर्जतला आमच्या आळीत त्याला सेन्सेई म्हणतात, म्हणजे गुरुजी. शब्द त्यानंच शिकवला, आम्ही तो त्यालाच चिकटवला.

2005 साली हंगामा वाहिनीवर डोरेमॉन हे जपानी कार्टून आलं तेव्हा हा आठ वर्षांचा होता. ते दिवस भारनियमनाचे. तिकडे त्यातला नोबिता रडायला लागायचा, इकडे वीज जायची, आणि उरलेलं रडणं हा पूर्ण करायचा. डोरेमॉनच्या त्या गोल गोड पदार्थाला हिंदीत ‘डोरा केक’ म्हणत. पोरगं हट्टाला पेटलं, तेव्हा आजीनं तांदळाची दोन छोटी घावनं घेतली, मध्ये गूळ-खोबऱ्याचं सारण भरलं आणि म्हणाली, “घे तुजा डोरा.” त्यानं चार खाल्ली. प्रेमाची ही पहिली पायरी फार सोपी असते. जपान कुठं आहे हे माहीत नसतं, त्यामुळे तो घरातच असतो.

दुसऱ्या पायरीवर माणूस बिघडतो. कॉलेजात असताना एका रात्री हा थरथरत माझ्याकडे आला. “काका, आपल्याला फसवलं!” मला वाटलं, भिशी बुडाली. प्रकरण पोकेमॉनचं होतं. आपल्याकडे पोकेमॉन अमेरिकेमार्गे आला. त्यातला नायक, मूळचा सातोशी, वाटेत ॲश झाला. त्या अमेरिकन अवतारात ब्रॉक नावाचा पोरगा हातात भाताचा त्रिकोणी गोळा धरतो आणि सांगतो, हे जेली डोनट. पडद्यावर पांढरा भात स्वच्छ दिसतोय, तरी डोनट! तिकडच्या पोरांना भाताचा गोळा कळणार नाही, असं कुणा शहाण्याला वाटलं असावं. अमेरिकेतल्या याच्या वयाच्या पोरांनी पुढं त्या डोनटावरून आकाशपाताळ एक केलं. त्यांच्या आधीच्या पिढीचं दुःख तर याहून मोठं. 1985 साली तिकडे ‘रोबोटेक’ लागली, ती तीन वेगवेगळ्या जपानी मालिका कापून शिवलेली गोधडी होती. पोरं लहानपणी तिच्यात ऊब घेत होती, तरुणपणी टाके मोजून शिव्या देत होती, आणि आता पन्नाशीत तीच गोधडी पांघरून डोळे पुसतात. हे सगळं सेन्सेईनंच मला सांगितलं, स्वतः टाके मोजायच्या वयात असताना.

त्या काळात आमच्या आळीत ‘कार्टून’ हा शब्द बंद झाला. ॲनिमे म्हणायचं. हिंदी डब पाहणाऱ्याशी बोलायचं नाही. लोकलमध्ये मोबाइलवर जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं. मुंबई ते कर्जत शंभर किलोमीटर, म्हणजे चार भाग आरामात. पण गाडी खोपोलीची असली की कर्जत कधी गेलं ते कळायचं नाही. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी असं करत खोपोलीला डोळे वर व्हायचे. परतीची गाडी लवकर नसते. मग हा फलाटावर बसून पाचवा भाग बघायचा आणि घरी सांगायचा, गाडी लेट होती. वर पुन्हा ऐकवायचा, जपानमध्ये 1964 पासून बुलेट ट्रेन धावतेय आणि तिचा सरासरी उशीर मिनिटाच्याही आत असतो. आमच्याकडे पुण्याची गाडी घाटासाठी मागून बँकर इंजिन लावून घेत उभी असायची, आणि हा तिच्याकडे हताश होऊन पाहायचा. त्या इंजिनानं कुणाचं काय घोडं मारलं होतं? घाट चढून दाखवायला लागतो तेव्हा मागून ढकलणारं कुणी असलेलं बरंच.

एका डिसेंबरात हा नारुतो होऊन मुंबईच्या कॉमिक कॉनला निघाला. नारिंगी कपडे, कपाळावर पट्टी. बदलापूरला चढलेल्या एका आजोबांनी आपुलकीनं विचारलं, “कुठलं पथक? किती थर?” गोविंदा नाही, निंजा आहे, हे त्यानं समजावलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि उतरताना म्हणाले, “जपून, हातपाय मोडतात.”

मग त्यानं ओनिगिरी करायला घेतली. तोच तो डोनट. जपानी तांदूळ शिजला की एकमेकांना धरून राहतो. घरात होता तो शेतावरचा, कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या वाणाचा, ‘कर्जत-3’. शीत न् शीत मोकळं. त्रिकोण व्हायचा आणि हात काढला की ढासळायचा. तिसऱ्या दिवशी आजीनं त्याला बाजूला सारलं, भात जरा गिजगा शिजवला, ओल्या तळव्यावर घेतला आणि मूठ आवळली. “अरं, मुटका म्हंतात याला.” सेन्सेई गप्प झाला, कारण जपानीतही ‘निगिरु’ म्हणजे मुठीत आवळणं, त्यावरूनच ते नाव. आतमध्ये आजीनं सुकटीची चटणी भरली होती. समुद्री शेवाळ मिळालं नाही, म्हणून केळीचं पान. त्रिकोण मात्र झाला नाही. आजीला कोपरे मान्य नव्हते.

पुढं तो जपानी शिकायला लागला. एन-फाइव्ह म्हणजे सगळ्यात खालची पायरी, आपली बालवाडी. तिथं त्याला शोध लागला की जपानी माणूस क्रियापद आपल्यासारखंच शेवटी टाकतो, वाक्याच्या शेपटाला आपण ‘ना’ लावतो तसा ‘ने’ लावतो, आणि आश्चर्य वाटलं की चक्क ‘आरे?’ म्हणतो. दोन महिने हा आनंदानं वेडा होता. तिसऱ्या महिन्यात कांजी लिपी आली, आणि वेड उतरू लागलं.

त्याच सुमारास घिब्ली स्टुडिओचे ॲनिमे चित्रपट सुरू झाले. इसाओ ताकाहाताचा ‘ओन्ली यस्टरडे’ पाहून तो रात्रभर जागा राहिला. टोकियोच्या ऑफिसातली मुलगी सुट्टीत खेड्यात जाते, फुलं खुडते, शेतात रमते. कसली फुलं, मी विचारलं. बेनिबाना. त्यानं मोबाइलवर शोधलं आणि चेहरा पडला. करडई! सोलापूरकडे पोत्यांनी पिकते ती.

तरी आषाढात तो शेताच्या बांधावर फोन घेऊन उभा. “काका, ही फ्रेम बघा, अगदी घिब्लीचा टोटोरो!” फ्रेममध्ये त्याचे वडील चिखलात वाकलेले होते. आवण काढून झालं होतं आणि मुठी वाहायला माणूस नव्हता. वडिलांनी जे म्हटलं ते टोटोरोत नाही.

वडिलांना हा आजार नवा नव्हता. कर्जतकराला तो मुंबईवाल्यांमुळे चांगला ठाऊक आहे. पहिल्या पावसात येतात, धबधब्याखाली भिजतात, डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, खरं जगणं इथंच. दुसऱ्या वर्षी प्लॉट घेतात. तिसऱ्या वर्षी कंपाउंड. चौथ्या वर्षी डास, विंचू, बोअरचं पाणी आणि शेजारच्या हळदीचा डीजे. पाचव्या वर्षी वडिलांना फोन: “गिऱ्हाईक असेल तर बघा ना.” म्हणून वडील पोराबद्दल निर्धास्त होते. “पाचवं वर्ष येऊ दे,” म्हणायचे.

पाचवं वर्ष एका पाहुण्याच्या रूपानं आलं. तोवर सेन्सेई खालापूरकडच्या एका कारखान्यात कागदपत्रांच्या कामाला लागला होता. ओसाकाहून एक साहेब आले, पन्नाशीकडे झुकलेले. यानं आठवडाभर तयारी केली: ‘वन पीस’ ॲनिमेबद्दल काय विचारायचं, घिब्लीच्या मियाझाकीबद्दल काय. साहेब म्हणाले, असलं काही लहानपणी बघायचो, पुढं वेळ कुठला? आणि मग त्यांचे डोळे चमकले. त्यांना ‘आरआरआर’विषयी बोलायचं होतं. 1998 साली कॉलेजात असताना त्यांनी रजनीकांतचा ‘मुथू’ पाहिला होता आणि तेव्हापासून ते भारतावर जीव लावून बसले होते. ‘आरआरआर’मधलं ‘नाटू नाटू’ त्यांनी ऑफिसच्या पार्टीत नाचून दाखवलेलं.

सेन्सेईनं त्यांना कर्जत-चौक रस्त्यावरच्या एन. डी. स्टुडिओत नेलं. ‘जोधा अकबर’साठी उभारलेला आग्र्याचा किल्ला तिथलाच. साहेब त्यासमोर भावुक होऊन उभे. भिंत ठोकून पाहिली, पोकळ वाजली, तरी ते भावुकच. येताना मात्र जरा हिरमुसले होते. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, खोपोलीच्या एसटी स्टँडवर दोन तास थांबलो, कुणीच नाचलं नाही.

सेन्सेई त्यांच्याकडे पाहत राहिला. आरशात पाहावं तसं.

निरोपाला त्यानं कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा वडा दिला. साहेबांनी घास घेतला आणि आनंदानं ओरडले, “कोरोक्के!” जपानी क्रोकेट, बटाट्याचंच. आणि आमचा सेन्सेई, ज्यानं दहा वर्षं जपानची बाजू घेऊन आळीशी भांडण केलं, तो वड्याच्या बाजूनं उभा राहिला. त्याला पावाचा चुरा असतो, याला बेसन. त्यात ठेचा कुठाय? बालवाडीच्या जपानीत पंधरा मिनिटं. साहेब अधूनमधून म्हणत होते, “आरे?”

त्यानंतर वर्षभर तो उलट्या टोकाला गेला. जपानातल्या ॲनिमेच्या चित्रकारांना चित्रामागे मोजून किती तुटपुंजे येन मिळतात, लोक कसे रात्र रात्र राबतात, हेच ऐकवायचा. तेही खरंच आहे. पण ऐकताना मला वाटायचं, हा प्लॉट विकायला काढतोय.

विकला नाही. 12 सप्टेंबर 2025 ला ‘डेमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कासल’ आपल्याकडे लागला, पहाटेपासून खेळ. सेन्सेई अठ्ठावीसचा, आदल्या दिवशी ओव्हरटाइम, तरी निघाला. सोबतीला मला घेतलं. दोन तास पस्तीस मिनिटांचा चित्रपट. पहिल्या अर्ध्या तासात त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. पुढच्या सगळ्या तलवारी मी एकट्यानं झेलल्या. आता मला वाईट वाटतंय, कारण अजून दोन भाग यायचेत आणि मला पुढचं काय ते बघायचंय.

परतीच्या लोकलमध्ये समोर शाळेतला एक पोरगा बसला होता, अंगात त्याच चित्रपटातला हिरव्या-काळ्या चौकड्यांचा झगा. मी सहज म्हटलं, कार्टून छान होतं. पोरानं मला पळसदरीपर्यंत पुरेल एवढं झापलं. ॲनिमे म्हणायचं! आणि तुम्ही डबमध्ये पाहिलंत? सेन्सेई शेजारी निमूट बसून होता. एक शब्द बोलला नाही. त्यानं डबा उघडला. केळीच्या पानात आजीच्या हातचे दोन मुटके.

पोरगा एकदम थांबला. “दादा, हे काय आहे?”

सेन्सेईनं चेहऱ्यावरची रेघही हलू न देता एक त्याच्यापुढे धरला.

“जेली डोनट.”