वीस-पन्नासवाले काका

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहेत तसे काका तुमच्याकडेही असणारच. शहात्तर सालची बुलेट, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला आणि गाडीखाली पुठ्ठा. पुठ्ठ्यावरचा डाग बघून काका इंजिनाची प्रकृती सांगतात. डाग नसेल तर जास्त घाबरतात: म्हणजे आत ऑईलच उरलेलं नाही!

"गाडी काय म्हणतेय?" असं सहज विचारलंत की तुमची सकाळ गेली. काकांना ऑईल बदलायचंय. दिवाळीपासून. फक्त कोणतं, तेवढंच ठरायचंय.

"डब्ल्यू म्हणजे वेट नव्हे, विंटर!" हे वॉचमनलासुद्धा पाठ आहे. डब्ल्यूमागचा आकडा थंडीतल्या ऑईलचा, पुढचा शंभर अंशांना तापलेल्या ऑईलचा. ५ डब्ल्यूवालं उणे तीस अंशांतही इंजिन फिरू देतं. कोथरूडला त्याचा काय उपयोग? डिसेंबरात पारा दहावर आला तरी बुलेटला कानटोपी लागत नाही. काकांना लागते, आणि ते त्या कानटोपीतूनच निकाल देतात: बिडाचा सिलिंडर, जुनी सैल मापं, तेव्हा २० डब्ल्यू ५०.

बरोबर आहे. इथे थांबले असते तर ते काका कसले! उन्हाळ्यात सिंगल ग्रेड चाळीस घालावं का? आजच्या ऑईलमध्ये डिटर्जंट असतं, त्याने वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ सुटून ऑईलच्या वाटा बुजल्या तर? "डिटर्जंटच आणताय तर दोन किलो आणा, कपडे पडलेत," असं काकू गॅलरीतून सांगतात. काकांपर्यंत ते पोचत नाही. ते तोवर क्लचवर गेलेले असतात. मोटारीचं ऑईल घातलं की क्लच घसरतो म्हणे. नव्या बाईकमध्ये घसरू शकतो, कारण तिथे क्लच इंजिनाच्याच ऑईलमध्ये भिजतो. या जुन्या बुलेटचा क्लच वेगळ्या चेनकेसमध्ये, त्याचं ऑईलही वेगळं. हे मी बोललो नाही. मला ऑफिसला जायचं होतं.

शेवटी एका रविवारी मला मागे बसवून काका नाना पेठेत मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने पाऊण तास सगळं ऐकलं. जस्ताचं प्रमाण आलं, सिंथेटिक आलं, गाळ आला. मग त्याने हात पुसले आणि फळीवरून नेहमीचा डबा काढला. २० डब्ल्यू ५०.

खालचा बोल्ट उघडला तर जुनं ऑईल मधासारखं पिवळं, पारदर्शक. मिस्त्रीने मीटर पाहिलं. मागच्या ऑईलपासून गाडी एकशे चाळीस किलोमीटर चालली होती, त्यातले निम्मे मिस्त्रीला ऑईल विचारायला येण्याजाण्याचे.