शेरूचं सर्व्हिस बुक

घरात कुत्रा आणायला ज्याचा सर्वांत कडक विरोध असतो, तोच पुढे त्या कुत्र्याच्या कागदपत्रांचा कारभारी होतो. आमच्या सोसायटीतले अण्णा म्हणजे या जातीचा अस्सल नमुना. हयात जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली. शेरूला त्यांनी थोपटल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पण मुलाला म्युनिकला नोकरी लागली, सूनबाई म्हणाल्या, "शेरूशिवाय मी हलणार नाही," आणि अण्णा खाली जाऊन बॉक्स फाइल घेऊन आले. पहिल्या पानावर लिहिलं : "विषय - शेरू याच्या परदेशगमनाबाबत."

युरोपचे नियम वाचून भल्याभल्यांना घाम फुटतो. अण्णांना माहेर सापडलं. आधी पंधरा आकडी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस तिकडे चालत नाही. "बरोबरच आहे," अण्णा म्हणाले, "नेमणुकीच्या आधीचा पगार कुणी काढतं का?" शेरूने इतकी वर्षं इमानेइतबारे टोचून घेतलेल्या सगळ्या लशी त्यांनी एका फटक्यात अग्राह्य ठरवल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी चिप बसवली आणि वाचनयंत्र मानेवरून फिरवलं. अण्णा वहीत एकेका आकड्यापुढे बरोबरची खूण करत होते. "शेवटचे चार पुन्हा सांगा. नाही, यंत्र पुन्हा फिरवूनच सांगा." तिसऱ्या खेपेला शेरू आपणहूनच मान पुढे करायला लागला.

लशीनंतर निदान 30 दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपीय संघाच्या मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासायचं, प्रतिपिंडांचा आकडा किमान 0.5 यायला हवा आणि वर रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. "त्यात थोडं मागेपुढे नाही का होणार?" मुलाने विचारलं. अण्णांनी चष्म्यावरून असं पाहिलं की तो मुकाट्याने आपलं तिकीट पुढे ढकलायला गेला.

अण्णांचं नियमांशी वाजलं ते एकदाच, पिंजऱ्यावरून. कुत्र्याला आत नीट उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे, इथवर ठीक. पण लांबीचं माप नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, शेपूट हिशेबात नाही. शिंप्याची टेप हातात धरून अण्णा कितीतरी वेळ त्या शेपटीकडे बघत राहिले. ती हलत होती. "ही सरळ सरळ कपात आहे," असं म्हणून त्यांनी पिंजरा एक नंबर मोठा मागवला.

पिंजऱ्याची सवय व्हावी म्हणून तो बरेच आठवडे आधी दार उघडं ठेवून हॉलमध्ये मांडला. आत घरच्या माणसाच्या वासाचा कपडा हवा होता. सूनबाई ओढणी शोधायला गेल्या, तोवर अण्णांनी आपला स्वेटर आत सारला होता. "जुनाच आहे," कुणी विचारलं नव्हतं तरी ते म्हणाले. थंडी ऐन भरात होती.

काकूंनी आपला उपाय सुचवला, "निघताना जायफळ उगाळून चाटवते. आपली पोरं नाही का झोपायची?" त्यावर अण्णांनी स्वयंपाकघरातच सुनावणी घेतली. जायफळ कुत्र्यांना बाधतं, आणि गुंगीचं औषध दिलं तर उंचीवर श्वासाची आणि तोल सांभाळण्याची पंचाईत होते. काकू एवढंच म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात एवढं वाचलं असतंत तर!"

मुंबईच्या प्राणी संगरोध कार्यालयात साहेबांनी फाइल चाळून मान डोलावली, तर अण्णांना चुटपुट लागली. "झेरॉक्सच्या तीन प्रतीही आहेत. बघता का?" साहेबांनी त्याही बघितल्या. दाखला मिळाल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायला हवं. शेरू पोचला.

तेव्हापासून संध्याकाळी बागेत अण्णांचा बाक सल्ला विचारायला आलेल्या कुत्रेवाल्यांनी भरलेला असतो. पगवाल्यांना ते आधीच हात जोडतात : चपट्या नाकाचा कुत्रा, श्वासाचा धोका, बऱ्याच विमान कंपन्या घेत नाहीत. ऑस्ट्रेलियाचं नाव निघालं की मात्र ताठ बसतात. भारतातून कुत्रा थेट नेताच येत नाही, आधी त्यांच्या पसंतीच्या देशात 180 दिवस काढायचे. 2015 साली जॉनी डेपची दोन कुत्री परवानगीशिवाय तिथे उतरली, तर कृषिमंत्री बार्नबी जॉयस यांनी ती परत न्या, नाहीतर मारावी लागतील असं जाहीर बजावलं. हे सांगताना अण्णांचा आवाज भरून येतो. कुत्र्यांसाठी नाही. "असा खातेप्रमुख मला एकदाही मिळाला नाही हो!"