अर्धा किलो घोडा

शेतावरचं पाणी उपसायचं छोटं पेट्रोल इंजिन मी मिस्त्रीकडून बांधून आणलं. रिंगा नव्या, व्हॉल्व्ह घासलेले आणि वर न सांगता दिलेला हिरवा रंग. "काका, पाटीवर दोन एचपी लिहिलंय ना? आता अडीच देतंय," तो म्हणाला.

"मोजलंस?"

"आवाजावरनं कळतं की!"

मी पुण्याचा, त्यातून निवृत्त. आवाजावर विश्वास ठेवायचं वय गेलं. डायनॅमोमीटर घरीच करायचा ठरवला.

युक्ती जुनी आहे. गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअराने ती 1821 साली काढली. फिरत्या चाकाला लाकडाच्या दोन गुटक्यांच्या चिमटीत धरायचं आणि गुटक्यांना लांब दांडी जोडायची. चाक दांडीला आपल्याबरोबर ओढू बघतं. तिचं टोक वजनकाट्यावर टेकवून तिला अडवायचं. काट्यावर किती किलो आणि चाकाचे मिनिटाला किती फेरे, एवढं कळलं की ताकद निघाली. त्यातही दांडी नेमकी 716 मिलीमीटर ठेवली, तर किलो गुणिले फेरे, भागिले हजार, की आली मेट्रिक अश्वशक्ती! बाकीचे सगळे गुणाकार-भागाकार त्या लांबीच्या पोटात गडप. हे उमगलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बायकोला उठवून सांगितलं. मग तिलाही लागली नाही.

चाक जुन्या बाजारातून आणलं, गुटके पडक्या गोठ्यातल्या बाभळीचे केले आणि वजनकाटा स्वयंपाकघरातून घेतला. 'घेतला' या क्रियापदाबद्दल घरात दोन मतं आहेत.

फेरे मोजायला लांबूनच उजेड टाकून मोजणारं यंत्र मागवलं. चाकावर चंदेरी पट्टी चिकटवून घरातच तपासायला घेतलं, तर इंजिन बंद आणि आकडा सहा हजार! अर्धा तास यंत्राला शिव्या दिल्यावर लक्षात आलं, की ते वरच्या ट्यूबलाइटकडे बघतंय. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. मिनिटाला सहा हजार. म्हणजे यंत्र अगदी चोख होतं.

पहिली चाचणी अंगणात झाली. इंजिन कुठल्या बाजूला फिरतं, एवढं एकच बघायचं राहिलं होतं. बोल्ट आवळताच दांडी काट्यावर दाबायच्या ऐवजी ताडकन वर उठली आणि वाळत घातलेली चादर घेऊन उभी राहिली. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "झेंडावंदन का?"

दुसऱ्या दिवशी दांडी पलीकडच्या बाजूला बसवली. आता एका सिलिंडरचे धक्के काट्याला सोसेनात. आकडा दोनशे ग्रॅमवरून नऊशेवर उड्या मारू लागला. टोकाखाली भांडी घासायचा स्पंज ठेवला, तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला. (स्पंजाबद्दल घरात एकच मत आहे.) तोवर गुटक्यांतून होळीसारखा धूर निघायला लागला. हे व्हायचंच होतं. इंजिनाची सगळी ताकद या यंत्रात घासून उष्णता होते, दुसरीकडे जायला तिला वाटच नाही. मी चाकावर तांब्या-तांब्याने पाणी ओतू लागलो आणि बायकोने ओरडून आकडे वाचले.

अर्धा किलो. फेरे 2800.

म्हणजे 1.4 अश्वशक्ती. पाटीवरचे दोन घोडे तीन हजार फेऱ्यांना खरे असते, तर काट्यावर 667 ग्रॅम दिसायला हवे होते. समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवरच्या पुण्यात हवा विरळ; शंभर मीटरला एक टक्का धरला तरी पाच-सहा टक्के इथे राहण्याचा दंड म्हणून सोडून दिले. बाकीचे कुणी खाल्ले?

"म्हणजे झालं काय शेवटी?" बायकोने विचारलं.

"एक किलोवॉट! बादलीत सोडायच्या हीटरएवढं!"

"अहो, मग पेट्रोलवर पाणीच तापवलंत की. तेही सांडलंत."

कागद घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्याने आकडे शांतपणे वाचले, काटा कुठला ते विचारलं आणि म्हणाला, "काका, भाजीच्या काट्यावर घोडा कसा बसंल?"

इंजिन शेतावर परत गेलं आणि पाणी पूर्वीसारखंच उपसतं आहे. स्वयंपाकघरात नवा काटा आला आहे. जुन्याचा आकडा आता काहीही ठेवलं तरी अर्धा किलोच येतो. 716 मिलीमीटरची दांडी मात्र उत्तम अवस्थेत आहे. कुणाला हवी असल्यास खुशाल घेऊन जावी. काटा आपला आणावा.