कोठीच्या दारातून

एप्रिल अर्धा सरला की आमच्या भागातल्या विजेच्या खांबांवर भावी पुढाऱ्यांच्या जाहिराती लागू लागतात. निवडणूक वगैरे काही नसते. शाळांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, इतकंच. 'नेतृत्व विकास निवासी शिबिर, वयोगट १० ते १४, जागा मर्यादित.' फॉर्म भरणाऱ्या झाडून सगळ्या पालकांना आपलं मूल पुढारी व्हावंसं वाटतं. एका हॉलमध्ये साठ पुढारी जमले तर सतरंज्या कोण घालणार, हा प्रश्न फॉर्मवर कुठेच नसतो. आयोजकांना मात्र त्याचं उत्तर पाठ असतं. सतरंज्या गटताई आणि गटदादा घालतात.

गटताई-गटदादा म्हणजे नुकती बारावी दिलेली किंवा कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेली पोरं. काही वर्षांपूर्वी हीच मंडळी याच शिबिरात पंगतीला बसून ताटं बडवत होती. आता प्रत्येकाच्या वाट्याला आठ-दहा मुलांचा एक गट येतो आणि गळ्यात ओळखपत्र. अवस्था मात्र घरात नव्याने आलेल्या सुनेची. कामं सगळी हिच्याकडे, किल्ल्या दुसऱ्यांकडे. वेळापत्रक शिबिरप्रमुखांचं, औषधांची पेटी मोठ्या ताईंची, शिक्षा करायची मुभा कुणालाच नाही, आणि कोठीची किल्ली माझ्या कमरेला.

मी त्या कोठीचा काका. वाणसामान आणि हिशेब माझ्याकडे. नेतृत्वावरची व्याख्यानं माझ्या कानी पडत नाहीत, कारण नेमकं त्याच वेळी मी भाजीवाल्याशी वांग्यांच्या भावावरून हुज्जत घालत असतो. पण कोठीच्या दारात कोण काय मागायला येतं, त्यावरून कुठली ताई तयार होतेय आणि कुठला दादा अजून कच्चा आहे, हे मला शिबिरप्रमुखांच्या आधी कळतं. हा काही मोठा गुण नाही. दुकानदारालाही गल्लीतल्या प्रत्येक घरात काय शिजतंय ते ठाऊक असतंच.

पहिल्या दिवशी सगळ्यांच्या मागण्या सारख्या : चार्टपेपर, स्केचपेन, दोन्हीकडून चिकटणारी टेप आणि शिट्टी. चार्टपेपर मी देतो, कारण गटाचं नाव आणि घोषणा लिहिल्याशिवाय शिबिर सुरू होत नाही. एक गट 'शिवनेरी' असतो, एक 'सह्याद्री', आणि कितीही समजावलं तरी एक इंग्रजी सिनेमातला असतोच. शिट्टी मात्र मी देत नाही. 'संपल्या' म्हणून सांगतो. पत्र्याच्या डब्यात शिट्ट्या भरपूर आहेत. पण शिट्टीचा धाक दोनदा चालतो. तिसऱ्यांदा मुलं तोंडानेच शिट्टी वाजवून उत्तर देतात आणि मग गटदादाकडे उरतो तो फक्त घसा. तो दुपारपर्यंत बसतो. संध्याकाळी दादा गरम पाणी आणि मीठ मागायला येतात. ते मी देतो.

तिसऱ्या दिवसापासून याद्या फुटतात. कुणी अजूनही सजावटीला क्रेप कागद मागत असतं. कुणी मात्र रद्दी मागायला येतं. रद्दी कशाला, तर ओढ्यात भिजलेल्या बुटांत कोंबायला. रात्रभर कागद पाणी पितो आणि सकाळी बूट पायात घालता येतात. कुणी सेफ्टी पिन मागतं, कुणी टॉर्चचे सेल. एक गटताई हळू आवाजात विचारायला आली, 'काका, आपल्याकडे कमी तिखटाची भाजी वेगळी काढता येईल का? एक जण दोन दिवस फक्त भात खातोय आणि सांगत नाहीये.' तिच्या घोषणा मी ऐकलेल्या नाहीत, पण ताटांकडे बघणारी ताई शिबिरात दुर्मीळ. चार ताटांतलं तिला कळलं की पाचव्या मुलाच्या मनातलंही थोडंफार कळतं.

ही अर्ध्या हुद्द्याची व्यवस्था आमची नव्हे, जुनीच आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे जनक, लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचा तळ टाकला. निम्मी मुलं बड्या शाळांतली, निम्मी कष्टकरी घरांतली. त्यांनी चार टोळ्या पाडल्या, लांडगे, बैल, डोमकावळे अशी नावं दिली आणि प्रत्येक टोळीवर थोडा मोठा मुलगा नेमला. त्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या वेढ्यात निरोप पोचवायला पोरांना कामाला लावलेलं त्यांनी पाहिलं होतं. जबाबदारी खरी असेल तर पोरगं ती निभावतं, हा धडा तिथला. स्काउटची सगळी इमारत या टोळीपद्धतीवर उभी राहिली. आपल्याकडच्या वेगवेगळ्या संघटना १९५० मध्ये एकत्र येऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' झालं, तेव्हाही टोळी आणि तिचा म्होरक्या कायम राहिला. लष्करातल्या माणसाला हे सुचावं याचं मला नवल वाटतं, कारण या म्होरक्याच्या हातात लष्करातलं काहीच नसतं. ना पगार, ना बढती, ना कोठडी. मुलाने 'नाही उठत जा' म्हटलं की संपलं.

एका वर्षी उद्घाटनाच्या दिवशीच गटताई-गटदादांना साने गुरुजींची गोष्ट सांगण्यात आली. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत आणि छात्रालय सांभाळत. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्यांतला पसारा आवरून ठेवत, कपडे धुऊन टाकत, वर रोज 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. मुलं खजील होत आणि आपसूक नीटनेटकी राहू लागत. गोष्ट ऐकून आमच्या ताया-दादांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रत्येकाने आपापल्या गटाची अंथरुणं स्वतः आवरली. मुलं खजील झाली का? छे. बारा वर्षांच्या मुलांना वाटलं, चला, इथेही घरच्यासारखीच सोय आहे. तिसऱ्या दिवशी तर एकाने ताईला बजावलं की त्याची चादर निळ्या बाजूने घडी करायची असते.

गुरुजींचं चुकलं असं म्हणायची माझी छाती नाही. पण त्या आवरण्यामागे वर्षभराचा सहवास होता, आणि आमच्याकडे आठवडाच असतो. यातून वाट काढली ती कोल्हापूरकडच्या एका गटदादाने. दहा फुटी सतरंजीची घडी एकट्या माणसाला नीट घालताच येत नाही. त्याला दोन माणसं लागतात. हा पठ्ठ्या सतरंजीचं एक टोक धरून उभा राही आणि दुसरं टोक जमिनीवर तसंच पडू देई. हाक नाही, उपदेश नाही. जो कुणी जवळून जाईल त्याच्याकडे बघून नुसता हसायचा. पोरगं वाकून टोक उचलायचं, दोघं चार पावलं एकमेकांकडे चालायचे, घडी पडायची. दुसरी सतरंजी उचलेपर्यंत आणखी दोघं येऊन उभी असायची. शेवटी सतरंजी ताणून झटकण्यावरून भांडणं होऊ लागली आणि धुळीने मला शिंका. तरी चालेल म्हटलं.

सगळेच असे हुशार नसतात. राष्ट्रीय सेवा योजनेतून आलेला एक दादा आठवतो. ही योजना १९६९ ची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली. गावात जाऊन सात दिवस राहायचं आणि श्रमदान करायचं, हा तिच्या विशेष शिबिराचा शिरस्ता. हा दादा तिथे वनराई बंधारा बांधून आला होता आणि ती रग अंगात होती. आल्या आल्या माझ्याकडे सिमेंटची रिकामी पोती मागितली. वनराई बंधारा पावसाळा सरल्यावर, ओढा वाहता असताना घालतात. पोत्यांत माती-वाळू भरून पाणी अडवायचं. आमचा ओढा मे महिन्यात घोट्याएवढाही नव्हता. पण उत्साहाला कोण सांगणार? पोती भरली, रचली. अडवायला पाणीच नव्हतं. मुलांनी मग त्या पोत्यांची बाकं केली आणि तिथे बसून अंताक्षरी खेळली. दादा सुरुवातीला फुगून बसला, पण भेंडी चढत चालली तसा स्वतःच 'ण' वरून अडला. माझ्या मते त्याचं शिबिर तिथून सुरू झालं.

मित्र व्हायला निघालेल्या दादांबद्दल मात्र मला फार दया येत नाही. मुलांना आपण आवडलोच पाहिजे या हट्टाने ते रात्री एक वाजेपर्यंत भुताच्या गोष्टी सांगतात. मग त्यांच्या गटातलं कुणी शौचालयाला एकटं जायला तयार होत नाही आणि दादाला रात्रभर वऱ्हाड घेऊन फेऱ्या माराव्या लागतात. सकाळी व्यायामाला तेच डुलक्या काढत असतात. न्याय झाला, असं मी मनात म्हणतो आणि चहा जरा कडक करायला सांगतो.

गडावरच्या चढाईत तर सगळंच उघडं पडतं. झेंडा घेऊन पुढे चालायला सगळ्यांना हवं असतं. शेवटी, सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाच्या मागे, ज्याला ट्रेकवाले 'टेल' म्हणतात तिथे, राहायला कुणी आपणहून पुढे येत नाही. तिथे काम तीनच : कुणाला मागे राहू द्यायचं नाही, प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची, आणि 'अजून किती राहिलं' याला न कंटाळता उत्तर द्यायचं. पण मागे रेंगाळणाऱ्या मुलाला पुष्कळ बोलायचं असतं. दम लागला की माणूस खरं बोलतो. एका ताईला अशीच एक मुलगी काही सांगणार होती. आधी म्हणाली, 'कुणाला सांगणार नाही अशी शपथ घे.' ताईने शपथ घेतली नाही. म्हणाली, 'मोठ्या ताईंना सांगायची वेळ आली तर आधी तुला सांगेन, आणि आपण दोघी जाऊ.' मुलगी बराच वेळ गप्प चालली, मग बोलली. त्या संध्याकाळी मोठ्या ताईंच्या खोलीचं दार उघडं ठेवून तिघी बसल्या होत्या. काय बोलणं झालं ते कोठीपर्यंत आलं नाही आणि यायचं कारणही नव्हतं. पण ती शपथ न घेणं अठराव्या वर्षी सोपं नसतं. त्या वयात जगातल्या सगळ्या गुपितांचे आपणच खजिनदार व्हावं असं वाटत असतं.

आता कांद्यांची गोष्ट. घरची आठवण हा शिबिरातला साथीचा रोग. जेवण झाल्यावर आणि झोप लागण्याआधी त्याचा जोर. दुसऱ्या रात्री दहाच्या सुमाराला एक गटदादा एका मुलाला घेऊन कोठीच्या दारात उभा राहिला. मुलाचं पोट दुखत होतं. मोठ्या ताईंनी तपासून झालं होतं. पोटात काही नव्हतं, जे होतं ते जरा वर होतं. दादाने त्याला 'रडू नकोस' म्हटलं नाही, 'मोठा झालास ना' म्हटलं नाही, आणि अंधारात एकटं कुठे घेऊन गेला नाही. दिवा लागलेल्या कोठीत, माझ्यासमोर आणला. म्हणाला, 'काका, उद्याच्या पोह्यांचे कांदे मोजून ठेवायचेत ना?'

कांदे मी किलोवर घेतो. इतक्या वर्षांत एकही कांदा मोजलेला नाही. पण दादाने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पोतं पुढे ओढलं. 'हो तर. मोजल्याशिवाय आचारी हात लावत नाही.'

दोघं मोजायला बसले. दादा पन्नासच्या पुढे गेला की चुकायचा. आधी वाटलं झोप आली असेल, मग लक्षात आलं की बेट्याची लबाडी आहे. मुलाने दोनदा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा वैतागून म्हणाला, 'दादा, तू नुसता टॉर्च धर, मी मोजतो.' कोठीत ट्यूबलाइट होती. तरी दादाने टॉर्च धरला. दहा-दहाचे ढीग लागले, सडका कांदा बाजूला गेला, सालं केसांत अडकली. मध्येच मुलाने सांगितलं की त्याची आजी कांदे पायरीवर बसून निवडते. मग आजीबद्दल, मग आजीच्या मांजराबद्दल, मग त्या मांजराने केलेल्या एका अपराधाबद्दल. पोटाचा विषय पुन्हा निघाला नाही. सगळे मोजून झाल्यावर आकडा एका कागदावर लिहून, त्याखाली सही करून त्याने मला दिला. सकाळी आचाऱ्याने ढिगातून अंदाजाने ओंजळी भरल्या, तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतात. ते कोठीतच जमा होतात आणि भाजीवाल्याची वाट बघताना मी ते वाचतो. 'नेतृत्वाबद्दल तुम्ही काय शिकलात?' या प्रश्नाखाली बहुतेकांनी फळ्यावरचंच उतरवून काढलेलं असतं. एकाने प्रामाणिकपणे 'पोहे' असं लिहिलं होतं. खाली विचारलेलं असतं, 'तुमच्या गटताई किंवा गटदादाबद्दल दोन वाक्यं लिहा.' त्या मुलाने लिहिलं होतं, 'दादा चांगला आहे, पण त्याचं गणित कच्चं आहे. मी शिकवलं तरी त्याला कांदे मोजता येत नाहीत.'

दादा तो फॉर्म मागायला आला. नियमाने देता येत नाही. मी दिला, आणि हिशेबाच्या वहीत 'एक फॉर्म खराब' अशी नोंद केली.