गाणं नको, आवाज ऐक!

बाजारात बाराशे रुपयांना मिळणारी वस्तू घरच्या घरी साडेचार हजारांत करून दाखवणाऱ्यांची एक जमात असते. आमचे भावोजी त्यातले. कॉम्प्युटरचे स्पीकर खरखरायला लागले तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "नवे आणा." दिवाळीचा फराळ विकत आणा म्हटल्यासारखे भावोजी तिच्याकडे बघत राहिले.

पुढचे सगळे शनिवार पुण्याच्या तापकीर गल्लीत. पहिल्या खेपेला दुकानदाराने विचारलं, "किती वॉटचा देऊ?" भावोजी म्हणाले, "जास्तीत जास्त!" पंधरा दिवसांत हाच माणूस सांगू लागला, की खोक्यावर छापलेले पीएमपीओ वॉट म्हणजे शुद्ध थाप, बघायचे ते आरएमएस, आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल. हे त्यांनी मला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं आणि एका मयताला गेलो होतो तिथेही सांगितलं. हलक्या आवाजात, अर्थात.

शेवटी घरात आला तो पीएएम8403. पोस्टाच्या तिकिटाएवढा ॲम्प्लिफायर, मोबाइलच्या चार्जरच्या 5 व्होल्टवर चालणारा, कागदावर 3-3 वॉटचा. नुसता ड्रायव्हर, म्हणजे बिनखोक्याचा उघडा स्पीकर, टेबलावर ठेवून वाजवला तर डग्गा गायब. "मागचा आवाज पुढच्याला खातो," भावोजी म्हणाले, "खोकं पाहिजे." देव्हाऱ्याचं उरलेलं प्लायवूड कापलं, आमटीची वाटी पालथी घालून गोल आखला, फटी एमसीलने बुजवल्या. (वाटी अजून तिकडेच आहे, त्यात स्क्रू असतात.) आत भरायला कापूस लागतो. त्या रात्री मी मुक्कामाला होतो. माझी उशी इतकी पातळ का, ते मला सकाळी कळलं.

दोन्ही खोकी वाजली, पण डग्गा पुन्हा बेपत्ता. भावोजी आधी म्हणाले, "मोकळा आवाज आहे." मग रात्री दीड वाजता एकटेच उठले. पेन्सिल सेलला दोन वायरी लावून त्यांनी ड्रायव्हरच्या टोकांना क्षणभर टेकवल्या. एक पडदा टुक्कन बाहेर आला, दुसरा आत गेला. एकाच्या वायरी उलट्या! एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, जाड स्वर दोघांच्या भांडणात मरतायत. ताईला उठवून हे दाखवण्यात आलं.

आता फक्त घुंऽऽ असा एक आवाज उरलाय. लॅपटॉपचा चार्जर काढला की तोही जातो. म्हणून त्या घरात संगीत बॅटरी संपेपर्यंतच असतं.

परवा ताईला समारंभपूर्वक समोर बसवलं. मुखडा संपून अंतऱ्याला सुरुवात होते न होते तोच भावोजींनी थांबवलं. "गाणं नको, आवाज ऐक. आता पुन्हा." तोच मुखडा अकरा वेळा. बाराव्याला ताई उठली, स्वयंपाकघरात गेली, मोबाइल एका पेल्यात उभा केला आणि अंतरा लावून कणीक मळायला बसली.

भावोजी दारात येऊन उभे राहिले. मान तिरकी, डोळे मिटलेले. अंतरा पुरा होऊ दिला नाहीच.

"अगं, हा पेला पितळेचा का गं?"

ताईने कणकेच्याच हातांनी पेला उचलला आणि पदराआड धरला.