अण्णांचा बंब

पहाटे साडेपाचला धूर दिसला की आमच्या तांबट आळीने ओळखावं, अण्णांचा बंब पेटला. धूर धुराड्यातून निघाला तर जुनीच पद्धत चालू आहे. खिडकीतून निघाला तर नवा प्रयोग.

अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. मोजायची सवय मात्र निवृत्त झाली नाही. दिंडोरीचा भाचा ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांच्या मोळ्या आणून टाकतो. अण्णा त्या काड्या बोटाला थुंकी लावून मोजतात. बंबफोड लाकूड तर काट्यावर तोलल्याशिवाय आत जात नाही.

बंब तांब्याचा, साठ लिटरचा, आजोबांनी चौदा माणसांच्या घरासाठी करून घेतलेला. आता घरात अण्णा आणि काकू. "मग अर्धाच भरा ना," असं मी एकदा बोलून गेलो.

"अरे, मधली नळी पाण्यात बुडालेली पाहिजे! उघडी पडली की तापते नि डाक सुटतो. मग आंघोळ राहिली बाजूला, राख काढत बस."

खरंच आहे ते. थोरल्या बंबाचा सगळा घोळ इथेच आहे. दोन बादल्यांसाठी साठ लिटर तापवायचं.

म्हणून अण्णांनी गंगेवरचे गोटे आणून बंबात सोडले. पाणी कमी, पातळी तीच! पण काळा दगडही तापायला उष्णता घेतो, तेवढ्याच जागेतलं पाणी घेईल त्याच्या निम्मी तरी. शिवाय तोटीतून वाळू यायला लागली. काकूंनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि गोटे दुपारच्या आत गंगेवर परत गेले.

मग कॅलेंडरच्या पाठीमागे गणित मांडलं गेलं. साठ लिटर पाणी पंधरा अंशांवरून पंचाहत्तरवर न्यायचं, म्हणजे ३६०० किलोकॅलरी. किलोभर सुक्या लाकडात साधारण तेवढीच उष्णता असते. "जळतं किती? चार किलो! बाकीचे तीन किलो गेले कुठे?" गड्डीत तीन नोटा कमी भरल्यासारखा चेहरा करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगीचच खिसे चाचपले.

तपास धुराड्यापाशी येऊन थांबला. अण्णांनी नळीतली काजळी खरवडली. काजळीचा थर म्हणजे उष्णतेच्या वाटेतला अडसर. मग पत्र्याची पट्टी जिलबीसारखी पिळून आत सोडली, म्हणजे धूर सरळ न पळता नळीला घासून गिरक्या घेत वर जाईल. या दोन गोष्टी साधल्या, हे कबूल केलं पाहिजे. किलोभर लाकूड वाचलं. त्या आनंदात त्यांनी बंबाला काकूंच्या माहेरची गोधडी गुंडाळली. तिचं एक टोक आता चौकोनी नाही, एवढंच सांगतो.

आणि एका थंडीत, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांवर आल्याची बातमी वाचताना, अण्णांना साक्षात्कार झाला. "अरे, बंब मोठा नाहीच! माणसं कमी पडतायत."

दुसऱ्या दिवशी पहाटे वाड्याच्या अंगणात बादल्यांची रांग लागली. वरच्या मजल्यावरचे जोशी सोलरवाले आणि समोरचे गॅस गिझरवालेही आले, फुकट म्हणून नव्हे, तांब्यातलं पाणी अंगाला चांगलं म्हणून. प्रत्येकाला अर्धी बादली कढत, विसण आपापलं. अण्णा तोटीपाशी मफलर गुंडाळून बसले होते आणि प्रत्येक बादलीमागे कॅलेंडरवर काडी ओढत होते. काकूंची धरून आठ बादल्या झाल्या आणि बंब संपला.

"तीन किलोत आठ माणसं! माणशी पावणेचारशे ग्रॅम!"

"आणि तुमची आंघोळ?" काकूंनी विचारलं. "घाला अजून चार फोडी, होईल बादलीभर."

"वेडी आहेस का? सरासरी बिघडेल."

पंचा खांद्यावर टाकून अण्णा मोरीत गेले. नळाचा आवाज आला. थोडा वेळ काहीच नाही. मग एकदम "हर हर गंगेऽऽ!" असा सूर लागला, की समोरच्या कौलांवरची कबुतरं उडाली.