बडतर्फीचे अनावृत पत्र

मुक्काम दापोली तालुका, ऐन आषाढ.

अखंडितलक्ष्मीअलंकृत बॅटरीबाई, वास्तव्य जिन्याखाली, यांसी,

कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

मायन्यातील 'अखंडित' हे विशेषण केवळ जुन्या रिवाजास अनुसरून घातले आहे. त्यावरून आपल्या सेवेविषयी आमचा अभिप्राय अनुकूल असल्याचा निष्कर्ष काढू नये. परवा रात्री वाऱ्याने फणसाची फांदी तारेवर पडून लाईट गेली असता, तीन पंखे, फ्रिज आणि दूरदर्शन संच एवढ्या माफक भाराखाली आपण अवघी सात मिनिटे तग धरून, तीन शिट्या घालून, जे डोळे मिटले ते पुन्हा उघडलेच नाहीत. सरकारी खजिन्यात एकतीस वर्षे नोकरी केल्यामुळे बडतर्फीपूर्वी कैफियत मागवण्याची पद्धत मला ठाऊक आहे. परंतु आपण लिहू शकत नसल्याने दोन्ही बाजूंचा मजकूर मीच नोंदवीत आहे, आणि माझ्या निःपक्षपातीपणाविषयी माझी स्वतःची पूर्ण खात्री आहे.

आपण 2019 च्या आगोटीपूर्वी रुजू झालात. त्याआधी त्या जागी एका ट्रकमधून उतरवलेली बॅटरी हंगामी म्हणून काम पाहत होती. ती वर्षाच्या आत कोसळली, तेव्हा बॅटरीवाल्याने आमच्या अज्ञानाची कीव करीत सांगितले की गाडीच्या बॅटरीचा धर्मच निराळा : तिच्यात पातळ प्लेटांची दाटी, इंजिन जागे करण्यापुरता दोन-चार क्षण प्रचंड प्रवाह द्यायचा आणि मग गाडी चालू असेतो गेलेले भरून काढीत बसायचे, एवढेच तिला ठाऊक. तासन्‌तास संथपणे रिते होणे व पुन्हा संथपणे भरणे हे व्रत पेलण्यास जाड प्लेटाच लागतात. आपण त्या व्रतस्थ शाखेतल्या. शिशाच्या काड्यांभोवती विणलेल्या नळ्या, त्या नळ्यांत शिशाचा तपकिरी ऑक्साइड ठासलेला, भोवती विरल गंधकाम्ल, आणि वजन असे की आपणांस आत आणताना दोन तरण्या गड्यांच्या तोंडून देवाचे नाव निघाले. सत्तावनच्या धामधुमीनंतर दोनच वर्षांनी, 1859 साली, गास्ताँ प्लांते नामक फ्रेंच गृहस्थाने शिशाचे दोन पत्रे एकत्र गुंडाळून गंधकाम्लात बुडवले, तेथून आपले घराणे सुरू होते. इतक्या जुन्या घराण्याकडून सात मिनिटे !

हिशेब असा. 12 व्होल्ट गुणिले 150 अँपिअर-तास म्हणजे 1800 वॅट-तास, अर्थात मीटरच्या भाषेत 1.8 युनिट, ही आपल्या कणगीची उंची. पैकी निम्मेच आपले समजा, असे बॅटरीवाल्याने उंबरठा ओलांडता ओलांडता बजावले होते. कोकणातल्या कोणत्याही म्हातारीस हे नव्याने सांगावे लागत नाही, कारण कणगीच्या तळचे भात बियाण्याचे असते आणि आषाढात घरात कितीही ओढ पडली तरी तिथे हात घालायचा नसतो, हे तिला सासूने शिकवलेले असते. परंतु मी पडलो खजिन्यातला मनुष्य. मंजूर रक्कम मार्चअखेर खर्ची न पडल्यास व्यपगत होते, हा संस्कार माझ्या हाडीमासी खिळलेला असल्यामुळे, शिल्लक ठेवणारे खाते मला नेहमीच संशयास्पद वाटत आले आहे. म्हणून पंखे, फ्रिज आणि बातम्या मिळून सुमारे साडेचारशे वॅटचा उपसा मी करीत असे, म्हणजे निम्मी कणगी कागदोपत्री दोन तासांत रिकामी. प्रत्यक्षात त्याहूनही लवकर, कारण 150 हा आकडा 20 तासांत साडेसात अँपिअरच्या संथ प्रवाहाने काढल्यासच पदरात पडतो आणि पाचपट वेगाने उपसल्यास मूळ रक्कमच आकसते. ही अट आपण आधी ठळक अक्षरांत कळवावयास हवी होती. इन्व्हर्टर शीळ घालून आपली अवस्था कळवी व अखेर आपण होऊन पुरवठा तोडी, तेव्हा मी त्याचा खटका बंद करून पुन्हा चालू करीत असे, आणि आपण, क्षणभर सावरलेल्या, आणखी पाच मिनिटे बातम्या दाखवीत असा. अंगी शक्ती असून ती दडवून ठेवल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता ?

आपल्या बाजूने साक्ष देण्यास फक्त आमच्या सौ. पुढे आल्या. त्यांची जबानी निसर्ग वादळापासून सुरू होते. 3 जून 2020 रोजी ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि त्याच्या तडाख्यात आमच्या तालुक्यातल्या पोफळी आणि विजेचे खांब एकाच दिशेला डोके करून निजले. कौले उडाली, पण न्हाणीघराच्या स्लॅबवर घट्ट बांधलेली आमची दोन सौर पॅनेले जागची हलली नाहीत. शेजारच्या बागायतदारांकडे आमच्या दसपट पॅनेले, तीही शाबूत, तिसऱ्या दिवशी ऊनही चांगले पडलेले. तरीपण भर दुपारी त्यांच्या माजघरात अंधार. कारण त्यांची व्यवस्था थेट लाईनशी जोडलेली, बॅटरीविना. लाईन मेली की ती यंत्रणा स्वतःही थांबते, नाहीतर छपरावरची वीज उलट तारेत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घ्यायची. नियम योग्यच आहे. पण दिवसा जास्तीची वीज लाईनीत टाकायची आणि रात्री परत घ्यायची, अशी ज्या पेढीवर त्यांनी भिस्त ठेवली होती तीच पेढी त्या दिवशी जमीनदोस्त झाली, आणि त्यांच्या घरचे पाच मोबाइल आमच्या पडवीत रांगेत येऊन बसले. त्या काळात सौ.नी आपला ताबा माझ्याकडून काढून घेतला होता : रात्री स्वयंपाकघरात 9 वॅटचा एक दिवा आणि आळीचे मोबाइल, बस्स. फ्रिजची दारे उघडी टाकून त्यात त्यांनी कांदे ठेवले. लाईट येईपर्यंतच्या सगळ्या आठवड्यांत आपण एकदाही शीळ घातली नाहीत, असे त्या शपथेवर सांगतात. मी एवढेच नमूद करतो की त्या मुदतीत मला एकही बातमी पाहता आली नाही.

पाण्याविषयी माझ्यावर केलेला आरोप निराधार आहे. भरणा होताना आपल्यातल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जाते, आम्ल मात्र राहते, तेव्हा झाकणांवरचे लाल तरंगते निशाण खाली गेले की डिस्टिल्ड वॉटर घालावे, हे मला मान्य आहे. परंतु ती निशाणे जिन्याखालच्या अंधारात, जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यामागे असल्यास त्यांची पाहणी वरिष्ठांनी कशी करावी, याचा खुलासा होत नाही. एकदा तर मी स्वखुशीने घरच्या विहिरीचे गोडे पाणी आपणांस पाजले. ते जांभ्या दगडातून झिरपत येते, त्यात लोह असते आणि लोहाने बॅटरी बसल्या जागी झिजते, हे मला पुढे समजले. पण त्याच पाण्यावर आमच्या चार पिढ्या पोसल्या आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

आणि पावसाळ्यात बिल वाचावे म्हणून लाईनवरून भरणा करण्याचा खटका मी बंद ठेवला होता, ही गोष्ट या प्रकरणी गैरलागू आहे. पॅनेले ढगांखाली अर्धपोटी, आपण अर्धपोटी, प्लेटांवरचे शिशाचे सल्फेट वेळेवर विरघळले नाही, त्याचे खडे बनले, खड्यांनी जागा अडवली. चार पावसाळे हे चालले.

दुकानदाराने लिथियम आयर्न फॉस्फेट कुळातला उमेदवार सुचवला होता : वजनाला हलका, पाणी न मागणारा, कणगी चार-पंचमांश उपसली तरी तक्रार न करणारा, हजारो फेऱ्यांचा. परंतु त्याच्या पोटात एक पहारेकरी सर्किट असते, ते मर्यादा येताच दरवाजा लावून घेते, आणि खटका कितीही वेळा खाली-वर केला तरी बधत नाही, असे समजले. अशा नोकराशी माझे जमणार नाही. शिवाय किंमत ऐकून मी खुर्ची मागवली.

सबब आपल्या जागी आपल्याच कुळातली नवी बॅटरी उद्या येत असून तोच टेम्पो आपणांस परत नेईल. जुने शिसे वितळवून त्याच्याच नव्या प्लेटा पाडतात, असे ऐकतो. तेव्हा नवी येईल तिच्या पोटात आपल्या कोणा पूर्वजेचे शिसे असणे अशक्य नाही, आणि तसे असल्यास आमच्या घराचा लौकिक तिच्या कानी आलेला असेलच. उचलण्यास दोघे गडी सांगितले आहेत. माझी कंबर धरली असल्यामुळे मी पडवीतून देखरेख करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सेवानिवृत्त मुख्य लेखनिक

ता. क. : नव्या बॅटरीचे माहितीपत्रक दुकानदाराने आगाऊ पाठवले असून ते कपाटाच्या वरच्या खणात जपून ठेवले आहे. ठेवताना आपले सापडले. त्याचे प्लॅस्टिक अजून फोडलेले नाही.